वाढत्या अंगाची हर्ली

दोरीखालून वाकून मी मैदानात धावले, तेव्हा माझ्या एकाच पायात बूट होता. दुसरा चिखलात रुतून मागे राहिला होता आणि ते मला दहा पावलं गेल्यावर कळलं.

नेसा पडली होती. म्हणजे… पडली असं मला वाटलं. सहा वर्षांची माझी मुलगी, हर्लिंगचा तिचा पहिलाच सराव, हातात ॲशच्या लाकडाची काठी, म्हणजे हर्ली, आणि आजूबाजूला तशाच काठ्या परजत फिरणारी सतरा पोरं. सकाळपासून तिच्या हेल्मेटचा पट्टा मी चार वेळा ओढून पाहिला होता. चेहऱ्यावरच्या जाळीतून आत बोट जातं का, तेही पाहिलं होतं. गेलं नाही. तरी मन थाऱ्यावर नव्हतं.

"अहो! अहो, एका बुटाच्या बाई!"

समोर एक माणूस हात आडवा करून उभा होता. डोक्यावर लोकरीची टोपी, गळ्यात शिट्टी, भुवयांवर रिमझिमीचे बारीक थेंब.

"या दोरीच्या आत एका संघाचं एकच मोठं माणूस. नियम आहे."

"माझी मुलगी पडलीय तिथे!"

त्यानं मान वळवून पाहिलं. अगदी निवांत.

"पडली नाही. बसलीय," तो म्हणाला. "गांडूळ बघतेय."

खरंच. माझी लेक उकिडवी बसून, हेल्मेटच्या जाळीतून, एका गांडुळाची चौकशी करत होती. चेंडू तिच्या बाजूनं गेला, सतरा पोरं त्याच्या मागून गेली, हिला पत्ता नाही.

माझा चेहरा पेटला. एवढ्यात तो मागे गेला, माझा बूट चिखलातून उपटून काढला, गोलाच्या खांबावर दोनदा आपटला आणि आणून माझ्यासमोर धरला.

"हा घ्या. सात वर्षांखालच्या खेळात कुणाला फारसं लागत नाही. बूट मात्र दर आठवड्याला एक जातो."

बूट घालताना तोल गेला म्हणून मी त्याचा दंड धरला. ओला लोकरी स्वेटर, आणि त्याला ताज्या तासलेल्या लाकडाचा वास. मी पटकन हात काढून घेतला… तो मात्र दुसरीकडेच बघत होता. नेसाच्या हर्लीकडे.

"ही कुणी घेतली?"

"मी. का?"

"मोठी आहे."

"वाढत्या अंगाची घेतलीय," मी म्हणाले. "एकदा घेतली की दोन-तीन वर्षं बघायला नको."

"स्वेटर घ्यावा वाढत्या अंगाचा. हर्ली नाही." त्यानं नेसाला उभं केलं, हात सैल सोडायला लावले आणि काठी तिच्या शेजारी टेकवली. "हे टोक कमरेच्या हाडाशी यायला हवं. हिच्या बरगड्यांपर्यंत आलंय. एवढी काठी घेऊन पोर खेळायला शिकत नाही, काठी सांभाळायला शिकतं." मग एकदम आवाज उतरवून, "संध्याकाळी घेऊन या. गिरणीच्या मागे माझं वर्कशॉप आहे. कापून देतो."

"नाव काय सांगू?"

"कुणाला सांगताय? मीच असतो तिथं." मग त्याचं त्यालाच जाणवलं असावं. "फिंटन. फिंटन होलोहन."

"डर्वला."

"माहितेय," तो म्हणाला, आणि कानांपर्यंत लाल होऊन शिट्टी फुंकत पोरांमागे पळाला.

माहीत असणारच म्हणा. नॉकशीन हे किलकेनी जिल्ह्यातलं एवढंसं गाव. पाच वर्षं राहूनही मी तिथे 'लीट्रिमची' होते. आमच्या लीट्रिममध्ये हर्लिंग कुणी खेळत नाही. इथे पोर चालायला लागायच्या आधी त्याच्या हातात हर्ली देतात. मला इथे आणलं नेसाच्या बापानं, रुअरीनं. नेसा वर्षाची असताना तो पर्थच्या खाणींत कामाला गेला. विमानतळावर, सगळ्यांच्या समोर, मी त्याची बाही धरून म्हणाले होते, "जाऊ नकोस." तो म्हणाला, "दोनच वर्षं गं." मग त्याचे फोन रोजचे रविवारचे झाले, रविवारचे नाताळचे झाले. आता तिकडे त्याचं दुसरं घर आहे. मला राग नाही, खरंच नाही. रागावायलाही अंगात थोडी ताकद लागते.

*

त्याच्या वर्कशॉपमध्ये पावलागणिक लाकडाचा भुगा होता. भिंतीवर खिळे, प्रत्येक खिळ्याला हर्ली टांगलेली, लहानापासून मोठीपर्यंत. नेसा हेल्मेट उलटं धरून त्यात लाकडाच्या कुरळ्या सालपटांचा साठा करू लागली.

फिंटननं पेन्सिलीनं खूण केली, करवत चालवली, मुठीचं टोक कानशीनं गोल केलं. सगळं न बोलता. मैदानावर घसा फोडून ओरडणारा माणूस हाच का, असा प्रश्न पडावा. मला वाटलं, काहीतरी बोलायला हवं.

"आजचा सामना कोण जिंकलं?"

"सात वर्षांखाली कुणी जिंकत नाही."

"म्हणजे?"

"गोल मोजायचेच नाहीत. नियम आहे. फळा नाही, कप नाही, आणि प्रत्येक पोर पूर्ण वेळ खेळणार. कुणाला बाहेर बसवायचं नाही." तो मुठीवर चिकटपट्टी गुंडाळत होता. "एक बाजू फारच भारी पडली, तर त्यांची दोन पोरं दुसरीकडे द्यायची."

"आणि तुम्ही? मनातल्या मनात तरी मोजत असालच."

"नाही."

"अजिबात नाही?"

"नाही म्हटलं ना."

मी नुसती बघत राहिले. चिकटपट्टी संपली. त्यानं ती दातानं तोडली, हर्ली नेसाच्या कमरेला लावून पाहिली… मग माझ्याकडे न बघता पुटपुटला, "सात-चार."

मी हसले. किती दिवसांनी ते सांगता येणार नाही, पण घशाला ते ओळखीचं वाटलं नाही एवढं खरं. हसता हसता जांभई आली, एक झाली, दुसरी आली. तिसरीला डोळ्यांत पाणी.

"शेवटचं कधी झोपलात?"

"काल."

"नीट?"

मी विचार केला. "नेसा व्हायच्या आधी."

त्यानं कपात चहा ओतला, दोन चमचे साखर घालून माझ्या हातात दिला. मला चहात साखर लागत नाही. पण मी तो सगळा प्यायले.

पुढच्या शनिवारी दोरीजवळच त्यानं मला अडवलं.

"गाडी कुठाय?"

"बाहेर. का?"

"आत आण. कुंपणाला लावून, तोंड मैदानाकडे करून. मी नेसाच्या टोळीला बरोबर समोर खेळवतो. तू सीटवर मागे टेकून पड. डोळे उघडलेस की ती दिसेल."

"आणि मिटले तर?"

"तर मला दिसेल," तो म्हणाला.

हे वाक्य साधंच होतं. पण मला सहा वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. मी गाडी आणली. पाच मिनिटं टक्क डोळ्यांनी बघत राहिले—ह्याची काठी उंच जातेय, त्या पोरीच्या बुटाची नाडी सुटलीय—आणि मग काचेवर थेंबांची टिपटिप ऐकता ऐकता जी झोपले, ती टकटक झाल्यावर उठले. बाहेर फिंटन. काच माझ्या श्वासांनी धुकट झालेली. त्या धुक्यावर, दार थोडं उघडून हात आत घालून, त्यानं बोटानं लिहिलं, ५-५. आणि कुणी बघायच्या आत तळहातानं पुसून टाकलं.

"नियम मोडलास," मी म्हणाले.

"पुरावा कुठाय?"

असे शनिवार येत गेले. एप्रिल, मे, जून. मी झोपायची, तो राखायचा. कधी फ्लास्कमधला चहा बोनेटवर ठेवलेला असायचा, कधी खिडकीतून त्याचा स्वेटर माझ्या गुडघ्यांवर आलेला. सराव संपला की जर्सींची पिशवी कुणाच्या तरी गळ्यात पडायची. तीही बहुतेक वेळा माझ्याच. क्लबच्या स्वयंपाकघरात चहा-सँडविचचं राज्य करणाऱ्या ब्रीडाबाई ती पिशवी माझ्या गाडीत टाकत म्हणायच्या, "झोप काढतेस ना फुकटची, मग धू आता!" अठरा छोट्या जर्सी माझ्या दोरीवर वाळत पडायच्या. वाळत कसल्या… पुन्हा भिजत. पावसानं भिजल्या की मी आत आणायची, ऊन आलं की बाहेर. पण एक सांगते, त्या धुताना मला थकवा यायचा नाही. वेगळाच यायचा. झोप लागेल असा.

*

जुलैच्या शेवटी डब्लिनहून पत्र आलं. मोठ्या ग्रंथालयात जागा. कायमची.

नॉकशीनच्या ग्रंथालयातली माझी नोकरी हंगामी, ऑगस्टअखेर संपणारी. किलकेनी शहरात अर्ध्या वेळाची एक जागा होती, विचारलंही होतं त्यांनी, पण अर्ध्या वेळात सगळं भागवायचं म्हणजे पुन्हा रोजची तारेवरची कसरत. कायमची नोकरी म्हणजे नेसाच्या दातांपासून शाळेपर्यंत सगळ्याची काळजी निम्मी. डोक्यानं हिशोब दोन मिनिटांत केला. उरलेलं सगळं आठवडाभर अडून राहिलं.

सराव संपल्यावर, बोनेटला टेकून, मी फिंटनला सांगितलं. तो चेंडू जाळीत भरत होता. दोन चेंडू त्याच्या हातून निसटले.

"कायमची आहे?"

"हो."

"चांगलंय." चेंडू उचलायला तो वाकला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. "जायला हवं मग."

"घर मिळालं तर. डब्लिनमध्ये घर मिळणं—"

"मिळेल." मग सरळ उभा राहून, कुठेतरी माझ्या खांद्याच्या पलीकडे बघत, "तिकडेही चांगले क्लब आहेत लहान पोरांचे. मी… मी एक-दोन नावं लिहून देतो."

आणि खरंच दिली लिहून. सुबक अक्षरात, फोन नंबरांसकट.

मी तो कागद गाडीत चारदा वाचला. क्लबची नावं होती. दुसरं काहीच नव्हतं, मागच्या बाजूलाही.

"तूच का नाही विचारत त्याला?" ब्रीडाबाई म्हणाल्या. क्लबच्या ओट्यावर आम्ही दोघी सँडविचेस त्रिकोणी कापत होतो.

"काय विचारू?"

"अगं, मला काय विचारतेस! काय विचारायचं ते तुला माहितेय, मला माहितेय, त्या खांबावरच्या कावळ्याला माहितेय."

"मी एकदा एका माणसाला थांब म्हटलं होतं, ब्रीडाबाई. पुन्हा नाही म्हणणार. तेवढं बळ नाही राहिलं माझ्यात."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "त्याला मी दुपट्यात असल्यापासून बघतेय, पोरी. पोरांना ओरडून शाब्बास म्हणेल, अख्खं गाव उठवेल. पण स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की गेला वर्कशॉपमध्ये. आई गेली तेव्हा चार दिवसांत तीस हर्ल्या तासल्यान. कुणाला नको होत्या."

"मग तासू दे," मी म्हणाले. माझाच आवाज मला जुन्या फडक्यासारखा वाटला.

*

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी दुपारी घर मिळालं. म्हणजे मिळण्यासारखं झालं. घरमालकीण फोनवर म्हणाली, रांगेत अजून चाळीस जण आहेत, उद्या बाराच्या आत हो म्हणा, नाहीतर पुढच्याला देते. मी उद्या सांगते म्हणाले. का म्हणाले? तेव्हाच हो म्हणता आलं असतं. पण संध्याकाळी नेसा मागे लागली, फिंटनकडे जाऊ या, आणि मी गेले.

त्यानं खिळ्यावरून एक नवी हर्ली काढली. पांढरी, गुळगुळीत, लाकडाच्या रेषा थेट मुठीपासून खालच्या रुंद पात्यापर्यंत वळत गेलेल्या.

"तुझ्यासाठी," तो नेसाला म्हणाला.

नेसानं लगेच ती शेजारी उभी केली, हात सैल सोडले, त्यानंच शिकवल्याप्रमाणे. टोक कमरेच्या हाडाच्या बरंच वर आलं.

"फिंटन, मोठी आहे ही!" ती म्हणाली. "तू चुकलास!"

"नाही चुकलो." तो भुग्यात पायानं रेघा ओढत होता. "वाढत्या अंगाची आहे. पुढच्या वर्षी… पुढच्या वर्षी बरोबर होईल."

पुढच्या वर्षी मोजायला तो नसणार होता. म्हणून.

मला एकदम तिथे उभं राहणं जमेना. "उद्या बारापर्यंत घराचं हो म्हणायचंय," मी दाराकडे वळत म्हणाले. "सामना चालू असताना फोन करेन. फाटकाशी जाऊन."

आमच्या मैदानावर फोनला रेंज फक्त फाटकाजवळच्या दगडी भिंतीशी येते. हे गावात सगळ्यांना माहीत आहे.

"उद्या?" तो म्हणाला. "उद्या तर शांत शनिवार आहे."

एवढंच. मी नेसाचा हात धरला आणि निघाले. गाडीत ती मोठी हर्ली तिच्या मांडीवरून खिडकीबाहेर डोकावत होती.

*

शांत शनिवार वर्षातून एकदा येतो. त्या दिवशी सामना पोरांचा आणि आवाजही पोरांचाच. दोरीबाहेरच्या आईबापांनी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. दोरीच्या आतल्यांनीही नाही, नुसती शिट्टी. टाळ्या चालतील. ब्रीडाबाई फाटकाशी टोपली घेऊन उभ्या असतात आणि येणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या तोंडात लॉलीपॉप कोंबतात. जो बोलेल, त्यानं महिनाभर जर्सी धुवायच्या. पकडायचं काम पोरांचं, आणि ती त्यासाठी टपलेलीच असतात.

त्या दिवशी मी गाडीत झोपले नाही. स्ट्रॉबेरीचा लॉलीपॉप तोंडात धरून दोरीशी उभी राहिले. शेजारच्या गावचा संघ आला होता. साठ मोठी माणसं ओठ मिटून उभी, आणि मैदानावर नुसता पोरांचा किलबिलाट. "मला दे!" "माझा होता!" "तुझी आजी बघतेय!" काठ्यांचा टकटकाट, रिमझिम, ओल्या गवताचा वास. एरवी मी इतक्यात दहादा ओरडले असते, सांभाळ, मागे बघ, हेल्मेट नीट कर. आज गप्प. आणि पहिल्यांदाच मला दिसलं, माझ्या ओरडण्यावाचून नेसाचं काही अडत नाहीये. ती जुनीच, कापलेली हर्ली घेऊन आली होती. दोन्ही हातांनी धरून, चेंडू जमिनीवरून सरळ मारत होती. मान वर.

फिंटन आत उभा होता. शिट्टी ओठांत. एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. की मी बघत नसताना बघत होता… कोण जाणे.

पावणेबारा झाले. मी फोन काढला. रेंज नव्हतीच.

फाटकापर्यंत शंभरेक पावलं असतील. मी चालायला लागले. रडू वगैरे येत नव्हतं, खोटं कशाला सांगू. नुसते पाय जड होते, बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येताना होतात तसे. मनाशी म्हणत होते, कायमची नोकरी, नेसाची खोली, ट्राम, दंतवैद्य. सगळं चांगलंच आहे. सगळं बरोबर आहे. कुणी काही बोललं नाही ह्यात कुणाचा दोष नाही. भिंत आली. फोनवर एक रेघ उमटली, मग दुसरी. मी नंबर काढला—

"डर्वला!"

अख्ख्या मैदानावर एकच आवाज. गाव उठवणारा.

"डर्वला! जाऊ नकोस!"

मी वळले. पोरं होती तिथे थिजली होती, काठ्या हवेत. चेंडू एकटाच घरंगळत गोलात गेला आणि कुणी बघितलंही नाही. साठ मोठी माणसं, साठ लॉलीपॉप, सगळी तोंडं त्याच्याकडे. आणि तो मैदानाच्या मधोमध, हातात शिट्टी, चेहरा टोमॅटोसारखा.

मग नेसाचा आवाज, आनंदानं चिरकलेला:

"फिंटन बोललाऽऽ!"

मग काय! छत्तीस पोरं, दोन्ही संघ, काठ्या आपटत नाचायला लागली. "फिंटन बोलला! जर्सी फिंटनच्या! महिनाभर!" ब्रीडाबाईंनी तोंडातला लॉलीपॉप काढला, आणि नियम आठवून पुन्हा आत घातला. पण डोळ्यांनी त्या इतकं बोलत होत्या, की त्यांनाही महिनाभर जर्सी द्यायला हव्या होत्या.

तो चालत आला. शंभर पावलं, सगळ्या गावासमोर. मी भिंतीला टेकून उभी राहिले, फोन हातात तसाच.

"आता बोललोच आहे तर…" तो धापा टाकत म्हणाला, आणि थांबला.

"बोल ना," मी लॉलीपॉप काढून म्हणाले. "शिक्षा तर झालीच आहे."

"एकोणीस शनिवार."

"काय?"

"तू आलीस ते. एकोणीस. त्यातले सतरा झोपलीस. पहिल्या दिवशी आणि आज नाही झोपलीस."

"तू तर मोजत नाहीस ना?"

"सात वर्षांखालच्यांचं मोजत नाही," तो म्हणाला. या वेळी त्यानं नजर वळवली नाही. "डर्वला, ती नोकरी चांगली आहे. मला कळतं. जायलाच हवं असेल तर… मी येईन तिकडे. दर शनिवारी, सराव संपला की. मला गाडी चालवता येते. पण मला तू इथे हवी आहेस. हे मी आधी म्हणायला हवं होतं. म्हणायला गेलो की मी हर्ली तासतो."

"माहितेय. तीस."

"ब्रीडानं सांगितलं?"

"त्यांनी नाही तर कुणी!"

मी फोनकडे पाहिलं. बाराला चार मिनिटं. विमानतळावर ज्या जागी मी एकदा ते दोन शब्द म्हणाले होते, ती जागा इथून पार लांब होती. कुणीतरी तेच शब्द मला म्हणेल, आणि तेही असं ओरडून, हे मी कधी मनात धरलंच नव्हतं.

"फिंटन, मी फार दमलेय रे," मी म्हणाले. "मला मोठं काही नको. मला कुणाच्या मागे पळायचं नाही, कुणाला थांबवायचं नाही. किलकेनीला अर्ध्या वेळाची नोकरी धरली तर मी चिडचिड करेन. काळजी करेन. हेल्मेटचा पट्टा पाच वेळा बघेन."

"बघ की. मी सहा वेळा बघतो."

तेव्हा मात्र हसू फुटलं, आणि त्याच्याबरोबर इतका वेळ न आलेलं रडूही. त्यानं बाहीनं माझा गाल पुसला. बाही ओली, गाल ओला, काही फरक पडला नाही. पलीकडे चर्चमध्ये बाराची घंटा सुरू झाली. एक एक टोला सावकाश, रिमझिमीतून येणारा. आम्ही दोघं शेवटपर्यंत ऐकत राहिलो. शेवटच्या टोल्यानंतर थोड्याच वेळात माझा फोन थरथरला. घरमालकीण. 'पुढच्यांना दिलं.'

मी तो खिशात टाकला.

मैदानाकडे परतताना टाळ्या वाजल्या. टाळ्या चालतात, नियम आहे. नेसा आमच्याआधी गाडीकडे पळाली, मागच्या सीटवरून ती नवी, पांढरी हर्ली काढली, आणि जमिनीवरून ओढत घेऊन आली.

"ही घे," ती फिंटनला म्हणाली.

"का गं? नको?"

"मोठी आहे. खिळ्याला लाव. पुढच्या वर्षी मला उभी कर, आणि मोजून दे."

त्यानं ती घेतली. काही बोलला नाही, बोलण्याचा कोटा संपला असावा. नुसती मान हलवली, दोनदा.

मग त्यानं माझ्यासाठी गाडीचं दार उघडलं. "अर्धा सामना बाकी आहे अजून. झोप."

"नेसा?"

"मला दिसतेय."

मी सीट मागे केली. काचेपलीकडे छत्तीस हेल्मेटं चेंडूमागे धावली, आणि माझे डोळे आपोआप मिटले.